घुबडासाठी हत्ती

सुधींद्रच्या घरी पाहुणा आला की त्याची आई कमलाबाई आधी पाण्याचं विचारतात आणि मग बजावतात, "आतल्या खोलीत जा हवं तर, पण सुधीच्या टोप्यांना हात लावू नका." पाहुण्याला वाटतं, बिचाऱ्याला टक्कल पडलं असेल. टक्कल पडलंय हे खरं, पण टोप्या टकलासाठी नाहीत.

टोप्या म्हणजे कीबोर्डच्या कळांवरच्या टोप्या. तुमच्या-आमच्या कीबोर्डवर असतात त्या आपण जन्मभर बडवतो आणि एकदाही नीट बघत नाही. सुधींद्रचे कीबोर्ड वेगळे. त्यांच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग, प्रत्येकीचा आवाज स्वतंत्र, आणि वरची टोपी चिमट्यानं अलगद उपटून तिथं दुसरी बसवता येते. ही दुसरी हातानं घडवलेली. बोटाच्या पेरावर मावेल एवढी मूर्तीच म्हणा ना. कुणी बेडूक घडवतं, कुणी फिल्टर कॉफीचा पेला, कुणी वाटीतली इडली. असल्या टोप्या जमवणारी माणसं बेंगळुरात बरीच आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी ती एखाद्या कॉफीच्या दुकानात जमतात, एकमेकांचे कीबोर्ड मांडीवर घेतात, दोन-चार कळा दाबतात आणि डोळे मिटून ऐकतात. शेजारच्या टेबलावरची मंडळी आपली खुर्ची जरा लांब ओढून घेतात.

या मंडळींत सुधींद्र वयानं सगळ्यांत मोठा. पोरं त्याला सुधी अण्णा म्हणतात. त्याच्या घराण्याचे मूळपुरुष म्हणे साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले. घोड्याचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक नाही, सुधींद्र येलहंक्याहून बसनं जातो. वडील यशवंतपूरला रेल्वेच्या ऑफिसात होते. पोरानं सुट्टीत उनाडक्या करू नयेत म्हणून त्यांनी त्याला टायपिंगच्या क्लासला घातलं. बाकीची पोरं क्लास चुकवून सिनेमाला जायची, हा मास्तरांनी दिवे मालवेपर्यंत बसायचा. त्याला त्या आवाजाची चटक लागली. पुढं नोकरीही तसलीच मिळाली. यंत्र चालू कसं करायचं, हे ज्यांना यंत्र चालू करता येत नाही त्यांच्यासाठी लिहून काढायचं. कंपनी सर्जापूर रोडला, काम घरून, आणि लग्न राहून गेलेलं. 'राहून गेलं' हा त्याचाच शब्द. बसमध्ये छत्री राहून जावी तसं तो सांगतो.

तर या सुधींद्रला एक घुबड हवं होतं.

हुबळीला गुरुदत्त म्हणून एक गृहस्थ आहे. दिवसा लोकांच्या कवळ्या बनवतो आणि उरल्या वेळात, त्याच हत्यारांनी, टोप्या. त्याच्या प्राण्यांचे दात अस्सल दिसतात यात नवल नाही. वर्षाकाठी मोजक्याच टोप्या करतो आणि मागणारे शेकड्यांनी, म्हणून तो चिठ्ठ्या टाकतो. ज्याचं नाव निघेल त्यानं पैसे भरून टोपी घ्यायची. त्यानं पहिल्यांदा केलेलं ते घुबड, आणि पुढंही अधूनमधून तो तेच करी. करडं, गुबगुबीत, एक डोळा सताड उघडा आणि दुसरा अर्धा मिटलेला, दुपारच्या जेवणानंतर खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखं. सुधींद्रनं त्याचा फोटो पाहिला आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली वरची कळ त्याच्या नावानं रिकामी ठेवली. म्हणजे अगदी उघडीबोडकी, नुसती दांडी वर आलेली. वर्षं गेली, चिठ्ठ्या गेल्या, त्याचं नाव काही निघेना. एका माणसाला एकच चिठ्ठी असा नियम, म्हणून अखेर त्यानं आईचं नावही घालायला सुरुवात केली. आणि पहिल्याच फटक्यात आईचं नाव निघालं. पण त्या खेपेला गुरुदत्तनं केला होता हत्ती.

हत्ती सुंदर होता. बसलेला, कानांना घड्या, पाठीवर झूल, आणि सुळे पाहून हुबळीतल्या कुणा म्हाताऱ्याच्या कवळीचं काम लांबलं असणार हे उघड होतं. पण ते घुबड नव्हतं. आता घुबड होतं स्वानंदीकडे. ही मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला राहणारी, कॉफीच्या दुकानातल्या कंपूतलीच. तिला हत्तीचं वेड. दोघांचं फोनवर पाच मिनिटांत ठरलं: हत्ती द्यायचा, घुबड घ्यायचं, हातोहात, पुढच्या भेटीत. सुधींद्रनं शब्द दिला. त्या दिवशी त्यानं आईला दोनदा कॉफी करून दिली आणि कमलाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग नवरात्र आलं.

बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांनी इकडचं बरंच काही उचललंय, त्यातलंच एक म्हणजे गोंबे हब्ब, बाहुल्यांचा सण. नवरात्रात घरात पायऱ्या मांडायच्या, वर पांढरा पंचा अंथरायचा आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या बाहुल्या बसवायच्या. सगळ्यांत वर लाकडी राजाराणी, खाली देव, वाण्याचं दुकान लावून बसलेले शेट्टी आणि शेट्टम्मा, आणि दसऱ्याची मिरवणूक. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली हवी. आणि एकदा बसवलेली बाहुली विजयादशमीच्या रात्री राजाराणीला निजवेपर्यंत हलवायची नाही. कमलाबाई हा नियम शाळेतल्या हेडमास्तरणीसारखा पाळतात. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मांडलेल्या पायरीखाली नवऱ्याचा चष्मा अडकला होता. तो बिचारा दसऱ्यापर्यंत पेपर हातभर लांब धरून वाचत होता.

यंदा माळ्यावरून पेटी उतरवताना मिरवणुकीतल्या मातीच्या हत्तीची सोंड मोडली. घट बसायच्या दिवशीच सुधींद्रला ऑफिसात बोलावणं आलं, तो सकाळी गेला आणि तिकडच्या ट्रॅफिकमधून सुटून दिवेलागणीला परतला. दारात चपला काढताना त्याला पायऱ्या दिसल्या. तिसऱ्या पायरीवर, सैनिकांच्या पुढं, कपाळाला कुंकवाचा ठिपका लावून, जरीच्या तुकड्यावर त्याचा हत्ती बसला होता.

"कधी आणलास की रे?" कमलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "सांगायचं नाही होय? मी तुझ्या टेबलावरची धूळ झाडायला गेले, तर डबी. डबीवर माझं नाव. श्रीमती कमला म्हणून, ठळक अक्षरात."

सुधींद्रनं तोंड उघडलं.

"सोंड मोडल्याचं मी कुणाजवळ बोलले पण नव्हते. तुला कसं कळलं बा?" त्या पदरानं डोळ्याचा कोपरा टिपत होत्या. "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, पोरगा आपल्यावर गेला नाही, बरं झालं. त्यांनी मला आयुष्यात कधी बाहुली आणली नाही."

सुधींद्रनं तोंड मिटलं. आता अशा वेळी खरं बोलणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल तर त्याचा पत्ता कळवा, आम्ही जाऊन बघू.

त्यानं मग ते केलं जे अशी सगळी सज्जन माणसं करतात. म्हणजे काहीच केलं नाही. स्वानंदीचा फोन आला की म्हणायचं, आज अंगात कणकण आहे. उद्या केबलवाला यायचाय. परवा आईचे गुडघे. चौथ्या खेपेला स्वानंदी म्हणाली, "अण्णा, मला सरळ सांगा, तुम्हाला डील करायचं नाहीये का? माझी बदली पुण्याला झालीये, परवा पॅकर्स येतायत. आणि व्हाइटफील्डचा एक जण त्या घुबडासाठी रोज मेसेज करतोय."

"नाही नाही, करायचंय."

"मग उद्या संध्याकाळी मीच येते येलहंक्याला. तिथून हत्ती घेते, नाहीतर घुबड सरळ व्हाइटफील्डला."

फोन ठेवल्यावर सुधींद्र बराच वेळ त्या बोडक्या कळीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वानंदी आली. जीन्स, पाठीवर सॅक, गर्दीत घुसमटून आलेली. सुधींद्रचा बेत साधा होता. आई स्वयंपाकघरात उसळ वाढायला जाईल, तेवढ्यात हत्ती उचलायचा, घुबड घ्यायचं, आणि हत्तीच्या जागी मातीचा बैल पुढं सरकवायचा. आईची नजर कमी झालीय. दसऱ्यापर्यंत कळणार नाही. कळलं तर मांजर.

घरात मांजर नव्हतं. पण बेत म्हटला की एवढं तेवढं राहतंच.

कमलाबाईंना मात्र वाटलं, पोरगी बाहुल्या बघायला आलीय. नवरात्रात दारी आलेल्या मुलीला दुसरं कशाला यावं लागतं? त्यांनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातावर फूल ठेवलं.

"मराठी हो? पुण्याची? बघ सुधी, किती स्वच्छ बोलते. आता एक गाणं म्हण बघू."

"गाणं?" स्वानंदीनं सुधींद्रकडे पाहिलं.

"म्हणावं लागतं," सुधींद्र खालच्या आवाजात म्हणाला. "बाहुल्यांपुढं. पद्धत आहे."

"आजी, मला खरंच गाता येत नाही हं."

"मग काय झालं? बाहुल्या कुठं उठून जाणार आहेत?"

स्वानंदीनं बाहुल्यांवरून नजर फिरवली आणि ती तिसऱ्या पायरीवर थांबली. हत्ती. कुंकू लावलेला, जरीवर बसलेला, पुढं दोन झेंडूची फुलं. तिनं पुन्हा सुधींद्रकडे पाहिलं, या वेळी वेगळ्या अर्थानं. सुधींद्र पंख्याकडे बघू लागला.

"आमच्याकडे पण हत्ती असतो," स्वानंदी हळूच म्हणाली. "भोंडल्याला. पाटावर हत्ती काढायचा नाहीतर ठेवायचा, आणि सगळ्या मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. मी शाळेत असेपर्यंत आजीकडे दरवर्षी करायचो."

"फेर धरून काय म्हणता?"

"गाणीच. सासरची, माहेरची. येड्यासारखी असतात, पण मजा यायची."

"मग तेच म्हण की."

आणि तिनं म्हटलं. आवाज बेताचा, दोन ठिकाणी शब्द विसरली, तिथं नुसता ताल धरला. पायऱ्या भिंतीला टेकून असल्यामुळं फेर धरणं शक्य नव्हतं, म्हणून ती आणि कमलाबाई समोरासमोर उभ्या राहून जागच्या जागी झुलत होत्या. गुडघे, जे परवा सुधींद्रच्या कामी आले होते, ते आज एकदाही बोलले नाहीत. गाणं संपल्यावर स्वानंदीनं सांगितलं की आमच्यात आता खिरापत ओळखायची असते, डब्यात काय आहे ते बघायचं नाही. कमलाबाईंना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं, आणि आतून विचारलं, "सांग बघू. तिखट की गोड?"

"तिखट."

"भिजवलेलं की वाटलेलं?"

हीच ती वेळ. सुधींद्र पायऱ्यांपाशी गेला. हात पुढं केला. चिमटीत हत्ती मावणार तेवढ्यात मागून स्वानंदी कुजबुजली, "अण्णा, नको."

"घे लवकर. घुबड कुठाय?"

"अहो, आत्ता मी त्याच्यापुढं गाणं म्हटलंय. त्याला सॅकमध्ये कसा घालू?"

आणि लगेच "भिजवलेलं!" असं तीच मोठ्यानं आत ओरडली.

"मग घुबडाचं काय?" सुधींद्रचा आवाज पार तळाला गेला होता.

"कुठलं घुबड?" दार उघडून कमलाबाई उभ्या होत्या. हातात चण्याच्या उसळीची ताटली, आणि समोर मुलाचा हात हत्तीपासून बोटभर अंतरावर.

सुधींद्रनं हात मागं घेतला नाही, पुढंही नेला नाही. तसाच ठेवून त्यानं सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, आईचं नाव घातल्याचं, शब्द दिल्याचं, व्हाइटफील्डवाल्याचं. यंत्र चालू करण्याच्या सूचना लिहिणारा माणूस तो, पायरी चुकली नाही.

कमलाबाईंनी ताटली स्टुलावर ठेवली.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हता आणलास."

"नाव तुझं होतं."

"नाव माझं. हत्ती तुझा." त्या खुर्चीवर बसल्या. "मी शेजारच्या संध्याला फोन करून सांगितलं रे. म्हैसूरला अक्काला पण सांगितलं."

स्वानंदीनं उसळीची ताटली उचलून खायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करावं तिला सुचेना.

"दाखव," कमलाबाई म्हणाल्या. "ते तुझं घुबड."

स्वानंदीनं सॅकमधून डबी काढली. कमलाबाईंनी चष्मा लावला, घुबडाकडे पाहिलं, घुबडानं एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"ह्याच्यासाठी? दसऱ्याच्या दिवसांत घरातला हत्ती बाहेर आणि घुबड आत?"

"लक्ष्मीचं वाहन असतं, आई. बंगाल्यांत तर..."

"मग बंगालला जा." त्यांनी डबी मिटली. "शब्द दिलायस?"

"दिलाय."

"मग हत्ती जाईल. पण दशमीला राजाराणी निजल्यावर. आज नाही. आणि हे आत्ता उंबऱ्याच्या आत राहणार नाही."

सुधींद्रनं मान हलवली. घुबड व्हाइटफील्डला चाललं होतं, ते त्याला डोळ्यांदेखत दिसत होतं. बसमध्ये बसून, अर्धा डोळा मिटून.

स्वानंदीनं ताटली खाली ठेवली. "आजी, हत्ती नक्की पाठवाल ना? माझा पुण्याचा पत्ता देते."

"मी पाठवीन. हा नाही, मी."

"मग घुबड ठेवून जाते. उंबऱ्याबाहेर कुठं ठेवू?"

उंबऱ्याबाहेर एकच जागा होती. चपलांचं कपाट.

पुढचे दिवस सुधींद्रनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. ज्या घुबडासाठी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या टाकल्या, ते आपल्याच दाराबाहेर, जुन्या बुटाशेजारी, कुलूप नसलेल्या कपाटात. तो कोथिंबीर आणायला जाऊ लागला. सकाळी कोथिंबीर, दुपारी कोथिंबीर, संध्याकाळी पुन्हा. दर वेळी चपला घालताना कपाटात डोकवायचा, आल्यावर चपला ठेवताना डोकवायचा. वरच्या मजल्यावरचे श्रीरंगराव एकदा जिन्यात थांबून म्हणाले, "काय सुधी, पाय दुखतो काय? रोज कपाटापुढं वाकून बसलेला असतोस." फ्रिजमध्ये कोथिंबिरीला जागा उरली नाही. कमलाबाईंनी वड्या केल्या, चटणी केली, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवी त्या बोलत असतात तेव्हा सुधींद्र आत कळा बडवत असतो. आता त्यालाच ऐकायला काही नव्हतं.

दशमीच्या रात्री राजाराणीला निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या आवरायला दोघं बसली. कमलाबाईंनी हत्ती हातात घेतला, मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यानं कपाळाचं कुंकू पुसलं.

"आई," सुधींद्र म्हणाला, "घुबड परत पाठवतो. स्वानंदीशी बोलतो मी. हत्ती राहू दे तुला."

हे वाक्य त्यानं आदल्या दिवसापासून तोंडात घोळवलं होतं. तो खरंच तसं करणार होता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कमलाबाईंनी तो चेहरा चष्म्यावरून नीट पाहिला.

"पोरीला शब्द दिलाय. तिनं माझ्या भरवशावर ठेवलं ते." त्यांनी हत्ती कापसात गुंडाळला, त्यावर धोतराचा तुकडा, मग डबी. बाहुल्या गुंडाळायची तीच त्यांची रीत. "आणि मला हत्ती नको. हत्ती काय, मिळतो. मला बाजारातून आण. चिठ्ठीबिठ्ठी नको. तुझ्या पायांनी जाऊन."

"पुढच्या वर्षी आणतो."

"आज. दसऱ्यानंतर दुकानदार स्वस्त देतात."

त्या बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात चपलांच्या कपाटातली डबी होती. ती त्यांनी पदरानं पुसून सुधींद्रच्या टेबलावर ठेवली, आणि पायांत चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

सुधींद्रनं डबीकडे पाहिलं. कोपऱ्यातली कळ चार पावलांवर होती. बसवायला किती वेळ लागतो? टक्‌, झालं. तो उठला, शर्ट बदलला आणि आईच्या मागून जिना उतरला.

वाटेत हत्तीचं पार्सल पुण्याला रवाना झालं. मल्लेश्वरमच्या बाजारात बाहुल्यांच्या दुकानी उरलासुरला माल होता. कमलाबाईंनी पहिलाच हत्ती उचलला. "हा बरा आहे. सरी, ठरलं, चला."

"थांब," सुधींद्र म्हणाला.

त्यानं हत्ती उलटा केला. बूड पाहिलं. मग दुसरा घेतला, त्याच्या कानांची घडी खिडकीच्या उजेडात धरली. कान सपाट होते. तिसऱ्याची सोंड चांगली, पण सुळे खडूसारखे. चौथ्याच्या झुलीवरचा रंग ओघळलेला. तो खाली उकिडवा बसला आणि फळीवरचे सगळे हत्ती एकेक करून जमिनीवर मांडू लागला. एक उचलायचा, नखानं टिचकी मारायचा, कान लावून ऐकायचा, ठेवायचा.

दुकानदारानं घड्याळ पाहिलं. दुपारचं शटर ओढायची काठी हातात घेतली. "अम्मा, हत्ती सगळे सारखेच असतात."

कमलाबाई स्टूल ओढून ऐसपैस बसल्या.

"स्वल्प थांबा हो," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा बघतोय."